भ्रमणध्वनीवरील आपला पार
(वार्षिक ज्ञातिमेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या ज्ञातीचा व्हॉट्सॲप-समूह हा आपला नवा पारच होय. पूर्वी दुःखद वार्ता पत्राने पोचेपर्यंत दहावा उलटून जाई. आता ती परदेशी गेलेल्या मुलांनाही घटकाभरात कळते. वधूवरांची टिपणे, विद्यार्थ्यांसाठी जुनी पुस्तके, कोणास रक्ताची निकड. या उपकारांविषयी आम्हांस शंका नाही.

परंतु एक कबुली द्यावयाची आहे. २०१८ सालच्या उन्हाळ्यात, मुले पळविणारी टोळी फिरत असल्याचा संदेश आम्हांस आला आणि तो आम्ही शहानिशा न करता चार ठिकाणी पुढे धाडला. 'उत्तर पडताळून पाहा' असे मुलांना जन्मभर बजावणाऱ्या आमच्याच हातून हे घडले! त्याच वर्षी १ जुलै रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे अशाच अफवेपायी जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांस मारहाण करून ठार केले. बिचारे भिक्षेवर निर्वाह करणारे! आमचा संदेश तेथवर गेलाच असे नाही. पण गेला नाही, असे तरी आम्ही कोणत्या आधारे म्हणावे?

पुढे कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी धाडण्यास आळा घातला. आम्ही चारच ठिकाणी धाडला होता. त्या नियमातही आम्ही निर्दोषच ठरलो असतो.

आता असा संदेश आला की धाडणाऱ्यास आम्ही दूरध्वनी करतो व 'हे आपण स्वतः पाहिलेत काय?' असे विचारतो. काही मंडळी त्यामुळे आमच्यावर रुष्ट आहेत. त्यांपैकी दोघे आज पहिल्याच रांगेत बसले आहेत.