बिडाचा तवा आणि गाडीचा ब्रेक

आज बोलायचंय गाडीच्या ब्रेकवर चढणाऱ्या गंजाबद्दल. "हा तर पुरुषांचा विषय," असं म्हणून रेडिओ बंद करू नका. मीही पूर्वी तसंच म्हणायचे.

आमचं घर रत्नागिरीकडे, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. हे नोकरीला मुंबईत, गाडी अंगणात. गेल्या पावसाळ्यात ती तीन आठवडे जागची हलली नव्हती. एका रात्री सासूबाईंच्या छातीत दुखू लागलं. मी गाडी सुरू केली, हँडब्रेक सोडला, गिअर टाकला, पण गाडी जागची हलेना. मागची चाकं जाम झाली होती. शेवटी शेजारच्या दादांनी रिक्षा काढली. सासूबाई वेळेत पोचल्या, आता बऱ्या आहेत. पण ती पंधरा मिनिटं मी विसरलेले नाही.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आले. म्हणाले, "वहिनी, हँडब्रेक ओढून ठेवलात ना? आत गंज धरला आणि चिकटलं."

आपल्याकडच्या बऱ्याच लहान गाड्यांना पुढच्या चाकांना डिस्क असते आणि मागच्या चाकांना ड्रम. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती. ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंनी पॅड तिला चिमटीत धरतात. ड्रम म्हणजे डब्यासारखा भाग. त्याला आतून ब्रेक शू घासतात. डिस्क काय नि ड्रम काय, बहुतेक बिडाचे असतात. आपला डोशाचा तवा असतो ना, तेच बीड. धुऊन ओला ठेवला तर सकाळी तांबूस दिसतो की नाही? तसंच इथेही होतं. लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की गंज आलाच. त्यात खारा वारा असेल तर तो आणखी लवकर येतो.

कुणी विचारेल, माझ्या स्कूटरची डिस्क कशी चकचकीत राहते? दुचाकीची डिस्क बहुधा स्टेनलेस स्टीलची असते, म्हणून. मोटारीच्या डिस्कला फार उष्णता सोसावी लागते. बीड ती चांगली सोसतं आणि स्वस्तही पडतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तवा गंजू नये म्हणून आपण त्याला तेलाचा हात लावतो. मीही त्या दिवशी तेलाची बाटली घेऊन गाडीकडे निघाले होते. मेकॅनिकनी मला थांबवलं. डिस्कला तेल, ग्रीस किंवा गंज सोडवायचा फवारा कधीही लावायचा नाही! पॅड तेल पितात, मग ब्रेक धरत नाही. उतारावर ते जिवावर बेतेल.

मग करायचं काय? गाडी आठवड्यातून एकदा तरी पंधरा-वीस मिनिटं चालवा. रात्रीच्या पावसाने आलेला तांबूस थर पहिल्या चार-पाच ब्रेकांतच पॅड घासून काढतात, त्याला घाबरू नका. गाडी धुतली की लगेच उभी करू नका. मोकळ्या रस्त्यावर एक फेरी मारा, हलके हलके ब्रेक दाबा, म्हणजे डिस्क तापून सुकेल. पण लांबून आल्या आल्या तापलेल्या चाकांवर गार पाणी मारू नका, डिस्क वाकडी होऊ शकते.

गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर ती सपाट जागी लावा, गिअरमध्ये ठेवा, चाकांना पुढून-मागून लाकडाचा ठोकळा किंवा दगड लावा आणि हँडब्रेक सोडून ठेवा. चढ-उतारावर मात्र हे करू नका. जागा शक्यतो छपराखालची आणि कोरडी हवी. चिखलात, ओल्या गवतात गाडी लावू नका. ओल्या गाडीवर प्लॅस्टिकचं कव्हरही घालू नका, दमट हवा आतच कोंडते.

चाक चिकटलंच, तर जोराने ॲक्सिलरेटर दाबू नका. गाडी हळूच थोडी पुढे, थोडी मागे घेऊन पाहा. नाही सुटलं तर मेकॅनिकला बोलवा. चार-पाच ब्रेकांनंतरही खरखर थांबत नसेल, पेडल थरथरत असेल किंवा डिस्कवर खड्डे, खोल चरे दिसत असतील, तर डिस्क तपासून घ्या. ती किती झिजलेली चालते तो आकडा बहुधा डिस्कवरच कोरलेला असतो. तो दाखवून मोजमाप करायला सांगा, आणि मोजताना जवळ उभ्या राहा.

आता दर रविवारी मी सासूबाईंना पुढच्या सीटवर बसवते आणि बाजारापर्यंत फेरी मारते. त्यांना हवा मिळते, ब्रेकचा गंज जातो. तुमच्या दारात गाडी उभी असेल, तर आज तिच्या चाकांकडे एकदा वाकून बघा.