जीपचे दिवे : प्रकाश वाढवावा, चकाकी नव्हे



मराठवाड्यात दिवस मावळला म्हणून रस्त्यावरचे काम थांबत नाही. गळीत हंगाम सुरू झाला की लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतील साखर कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर उसाने भरलेले ट्रॅक्टर, ट्रॉल्या आणि बैलगाड्या रात्रभर चालू असतात. उन्हाळ्यात पाण्याचे टँकर अवेळी गावोगाव पोहोचतात. किनवट-माहूरच्या सागवानी जंगलातून, तसेच उदगीर, जळकोट, मुखेड, कंधार या बालाघाटाच्या चढउतारांवरून आजारी माणसाला रात्री तालुक्याच्या रुग्णालयात न्यावे लागते. डांबरी रस्ता सोडून मुरमाचा रस्ता, मुरूम सोडून पांदण आणि पांदण सोडून ओढ्याचे पात्र असा प्रवास करण्यास जीप हेच खात्रीचे वाहन म्हणून गेली अनेक दशके ओळखले जाते. मात्र चिखलातून सहज बाहेर पडणाऱ्या या दणकट वाहनाचे पुढचे दिवे पुष्कळदा एखाद्या कंदिलासारखे मिणमिणते असतात. त्यांची सुधारणा कशी करावी, तीत कोणता क्रम पाळावा आणि कोणता मोह टाळावा, हा आजच्या भाषणाचा विषय होय.

प्रकाश आणि वेग यांचे गणित

दिवा मंद असला म्हणजे केवळ गैरसोय होते असे समजणे चुकीचे ठरेल. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे साडेसोळा मीटर अंतर तोडते. समोर काही आहे हे डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक ते दीड सेकंद जातो आणि त्यानंतर ब्रेक आपले काम करू लागतात. चांगल्या कोरड्या डांबरी रस्त्यावरदेखील असे वाहन थांबण्यास ५० मीटरच्या आसपास अंतर लागते. दिव्याचा उजेड जर ३० मीटरच पडत असेल, तर चालकास ताशी ४० किलोमीटरपेक्षा अधिक वेग सुरक्षितपणे ठेवता येत नाही. मुरमाच्या व ओल्या काळ्या मातीच्या रस्त्यावर तर याहूनही कमी. वाटेत मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली उभी असेल, तर हे गणित चुकण्याचे मोल कोणाच्या तरी प्राणांनी चुकते करावे लागते.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा सूर्योदयास दोन तासांहून अधिक अवधी होता. हजारो माणसे ढिगाऱ्यांखाली सापडली होती. आपत्ती उजाडण्याची वाट पाहत नाही. अशा प्रसंगी मदतीस निघणाऱ्या वाहनाचे दिवे आदल्या दिवशीच ठीक असावे लागतात.

दोष दिव्याचा की वाटेचा?

दिवे मंद झाले की चालक प्रथम दुकानात जातो आणि अधिक वॅटचा बल्ब मागतो. येथेच चुकीची सुरुवात होते. जुन्या जीपगाड्यांमध्ये दोष बहुतेक वेळा बल्बात नसतो. तो बॅटरीपासून बल्बापर्यंत वीज ज्या वाटेने येते, त्या वाटेत असतो.

दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपमध्ये विजेची योजना ६ व्होल्टची होती. तिचे पुढचे दिवे बिजागरीवर बसविलेले असत आणि रात्री इंजिनाची दुरुस्ती करताना ते मागे वळवून इंजिनावर प्रकाश पाडता येई. पुढे १२ व्होल्टची योजना रूढ झाली. एवढ्याच वॅटच्या दिव्यास ६ व्होल्टवर दुप्पट प्रवाह लागतो आणि तारेतील नासाडी चौपट होते, हे लक्षात घेता हा बदल किती उपयुक्त होता हे कळून येईल. परंतु १२ व्होल्टच्या जुन्या जीपमध्येही दिव्यांचा सर्व प्रवाह डॅशबोर्डवरील स्विचमधून आणि पुष्कळ गाड्यांत पायाजवळच्या डिपर स्विचमधून फिरून येतो. हा पायाजवळचा स्विच नेमका चिखल व पाणी साचण्याच्या जागी असतो. त्यातील पितळी पत्रे काळे पडतात, तारांची टोके गंजतात, आणि चॅसिसला जोडलेली अर्थची तार रंग व गंज यांच्या थरावर कशीबशी टेकलेली असते.

नेहमीच्या एच-४ बल्बाचा जवळचा झोत ५५ वॅटचा व दूरचा झोत ६० वॅटचा असतो. दोन्ही दिवे मिळून सुमारे ९ ते १० अँपिअर प्रवाह घेतात. वाटेत एक ओहमच्या आठव्या भागाइतका अडथळा असला, तरी सव्वा व्होल्ट वाटेतच खर्ची पडतो. आता यातील मर्माची गोष्ट अशी की, व्होल्ट दहा टक्क्यांनी घटले तर प्रकाश दहा टक्क्यांनी घटत नाही. तो जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो. पाटाला गळती असताना विहिरीवर मोठी मोटार बसवून शेवटच्या वाफ्याला पाणी पोहोचत नाही, तोच न्याय येथे लागू पडतो.

तपासणी सोपी आहे. इंजिन चालू ठेवून व दिवे लावून मल्टिमीटरने प्रथम बॅटरीच्या दोन टोकांवरील व्होल्ट मोजावेत आणि नंतर बल्बाच्या होल्डरवरील. दोहोंत अर्ध्या व्होल्टहून अधिक अंतर असल्यास वाट दुरुस्त करावी. बॅटरीवरच १३ व्होल्टपेक्षा कमी भरत असतील, तर डायनॅमो किंवा अल्टरनेटर, त्याचा पट्टा आणि बॅटरीची टोके आधी पाहावीत.

रिलेची जोडणी

वाट दुरुस्त करण्याचा उत्तम उपाय म्हणजे रिले. रिलेमुळे जुन्या स्विचवर केवळ इशारा देण्याचे हलके काम राहते आणि दिव्यांचा मुख्य प्रवाह बॅटरीपासून जाड तारेने थेट दिव्यांकडे जातो. दूरच्या झोतासाठी एक व जवळच्या झोतासाठी एक असे दोन रिले घ्यावेत. रिलेवर अंक कोरलेले असतात. ३० या टोकाला बॅटरीकडून येणारी तार, ८७ या टोकाला दिव्याकडे जाणारी तार, तर ८५ व ८६ या टोकांपैकी एकाला जुन्या स्विचची तार व दुसऱ्याला अर्थ, अशी ही जोडणी आहे. मुख्य तार अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची असावी. प्रत्येक दिव्याची अर्थची तार स्वतंत्र घेऊन, चॅसिसवरील रंग खरवडून, बोल्टने घट्ट आवळावी व वर ग्रीस लावावे.

फ्यूजच्या बाबतीत मात्र काटकसर करू नये. बॅटरीजवळच फ्यूज असला पाहिजे. अन्यथा घासून उघडी पडलेली तार वाहनास आग लावू शकते. डाव्या व उजव्या दिव्यांचे फ्यूज वेगवेगळे ठेवल्यास एक फ्यूज गेला तरी घाटात दोन्ही दिवे एकदम मालवत नाहीत. रिले व फ्यूज पाण्याच्या फवाऱ्यापासून दूर, बॉनेटखाली उंचावर बसवावेत. एवढे केल्यानंतर अनेक वाहनांत जुन्याच बल्बाचा उजेड पिवळसर न राहता पांढरा व लांबवर पडू लागतो, असा कुशल मिस्त्रींचा अनुभव आहे.

आरसा, काच आणि बल्ब

यानंतर दिव्याच्या आतील आरशाकडे, म्हणजे रिफ्लेक्टरकडे वळावे. त्यावरील चकचकीत मुलामा अतिशय पातळ असतो. ओलावा शिरून तो काळवंडला असेल तर फडक्याने घासून उजळण्याचा प्रयत्न करू नये. मुलामाच निघून जातो. असा संच बदलणे हाच उपाय. जीपच्या सात इंची गोल दिव्याचे संच आजही सहज उपलब्ध आहेत. मागचे रबरी बूच शाबूत असल्यास ओढा ओलांडताना पाणी आत जात नाही. काचेवर वाळलेला काळ्या मातीचा चिखल कोरडा पुसू नये; आधी पाण्याने भिजवून धुवावा. हॅलोजन बल्बाच्या काचेला बोटे लावू नयेत, कारण बोटांचा तेलकटपणा तापून बल्बाचे आयुष्य घटते.

१०० वा १३० वॅटचे बल्ब लावण्याचा मोह अनेकांना होतो. त्यांच्या उष्णतेने होल्डर वितळतो, आरसा करपतो आणि मूळची तार तापते. शिवाय रस्त्यावरील वापरास ते नियमबाह्य आहेत. अलीकडे हॅलोजनच्या जागी तेवढाच एलईडी बल्ब खोचण्याची पद्धत पसरली आहे. जुना आरसा एका बारीक तारेच्या ठरावीक जागेसाठी आखलेला असतो. प्रकाशाचा उगम त्या जागेवरून हलला, त्याचा आकार बदलला, म्हणजे झोत विस्कटतो. चालकास पुढच्या दहा मीटरवर लख्ख दिसते आणि त्यास दिवे सुधारल्याचा भास होतो; दूरचा रस्ता मात्र अंधारातच राहतो व समोरच्याचे डोळे दिपतात. एलईडी हवाच असेल, तर आरसा, काच व प्रकाशस्रोत एकत्र आखलेला, मान्यताप्राप्त चिन्हाचा पूर्ण संचच घ्यावा. तो भारतासारख्या डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीसाठी बनविलेला असला पाहिजे. जवळचा झोत भिंतीवर पाडला असता त्याची वरची कड डावीकडे चढलेली दिसावी. ती उजवीकडे चढत असेल, तर तो दिवा परदेशी वाहतुकीचा असून समोरून येणाऱ्यास आंधळे करील.

नेम साधणे

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित सुधारणा म्हणजे दिव्यांचा नेम. चाकांत योग्य हवा भरून, नेहमीइतके ओझे ठेवून, वाहन सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर उभे करावे. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून तेवढ्याच उंचीवर भिंतीवर खडूने रेघ ओढावी. जवळच्या झोताची वरची कड या रेघेच्या सुमारे १० सेंटिमीटर खाली राहील, असे स्क्रू फिरवून दिवे लावावेत. मागच्या बाकांवर माणसे दाटीने बसली की जीपचे पुढचे तोंड वर उचलले जाते आणि दिवे रस्त्याऐवजी झाडांचे शेंडे दाखवू लागतात, हे येथे विसरून चालणार नाही. क्षमतेपेक्षा अधिक माणसे न बसविणे हादेखील दिवे सुधारण्याचाच एक मार्ग होय.

दुसऱ्याच्या डोळ्यांचा विचार

तुळजापूरहून लातूर, अहमदपूर, लोहा व नांदेडमार्गे नागपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ रुंद झाला आहे. पण त्याला येऊन मिळणारे गावरस्ते अरुंदच आहेत. त्यांवरून सायकलस्वार, मोटारसायकलस्वार, बैलगाडीवान आणि ऊसतोडणीहून परतणाऱ्या टोळ्या जातात. डोळे दिपलेल्या मोटारसायकलस्वारास काही क्षण रस्त्याची कडच दिसत नाही. आपला दिवा आपल्यासाठी जितका असतो, तितकाच तो समोरच्यासाठीही असतो.

कायद्याची भूमिकाही हीच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ नुसार पुढील दिव्याचा झोत समोरच्याचे डोळे दिपणार नाहीत असा खाली वळविलेला असला पाहिजे. नियम १११ नुसार नोंदणी अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय पुढे शोधदिवे बसविता येत नाहीत. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ वाहनातील मनमानी फेरफारांना आळा घालते. पूर्वी ट्रकच्या दिव्यांवर काळ्या रंगाचा पट्टा मारीत, त्यामागील हेतू हाच होता. आता पट्ट्याची गरज नाही. वेळेवर डिपर वापरण्याची सवय मात्र हवी.

याचबरोबर मागची बाजूही पाहावी. पुढे कितीही प्रखर दिवे लावले, तरी उसाच्या मोळ्यांनी झाकलेली व दिवा नसलेली ट्रॉली वेळीच दिसेल असा भरवसा नसतो. ट्रॉलीच्या मागे लाल दिवा, लाल परावर्तक आणि चकाकणारी पट्टी ऊस भरल्यावरही उघडी राहील अशा जागी असणे नितांत आवश्यक आहे. बैलगाडीच्या मागे लावलेला एक लहानसा लाल परावर्तकदेखील दुरून येणाऱ्या चालकास वेळीच सावध करतो.

सारांश, दिव्यांची सुधारणा पुढील क्रमाने करावी : प्रथम बॅटरी व चार्जिंग, मग तारा व अर्थ, मग रिले व फ्यूज, मग आरसा व काच, मग नेम आणि सर्वांत शेवटी, गरज उरलीच तर, नवा दिवा. यातील बहुतेक कामे तालुक्याच्या गावातील कोणताही जाणता वायरमन एका दिवसात करून देऊ शकतो. पेरणीच्या आधी शेतकरी तिफण दुरुस्त करून ठेवतो. पाऊस पडल्यावर सुताराचे घर शोधत नाही. त्याचप्रमाणे कारखान्याचे बॉयलर पेटण्यापूर्वी प्रत्येक जीपमालकाने व ट्रॅक्टरमालकाने आपल्या वाहनाचे दिवे एकदा भिंतीसमोर उभे करून तपासून घ्यावेत.