स्पाइकनार्ड : एका सुगंधी शब्दाचे मूळ

‘स्पाइकनार्ड’ हा इंग्रजीतील विरळ शब्द हिमालयात उगवणाऱ्या जटामांसी या वनस्पतीसाठी आणि तिच्या सुगंधी तेलासाठी योजला जातो. त्यातील ‘स्पाइक’ हा घटक कणीस या अर्थाच्या लॅटिन ‘स्पिका’पासून आला असून, वनस्पतीच्या बुडाशी असलेल्या तंतूंच्या कणसासारख्या जुडग्याचा तो निर्देश करतो, ‘नार्ड’ मात्र लॅटिन ‘नार्दुस’, ग्रीक ‘नार्दोस’ आणि त्यांना जवळचा हिब्रू ‘नेर्द’ यांच्या मागे जात, अथर्ववेदातही आढळणाऱ्या संस्कृत ‘नलद’ या शब्दापर्यंत पोहोचतो, असे मानले जाते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात भृगुकच्छ, म्हणजे आजच्या भरूच बंदरातून या द्रव्याची निर्यात होत असल्याची नोंद असून, भारताच्या प्राचीन व्यापाराची व्याप्ती तिच्यातून स्पष्ट होते.