काल्पनिक शस्त्रांचा तोल

नाशिक या नांवाची लोकांत रूढ असलेली व्युत्पत्ति शस्त्राच्या एका घावावर उभी आहे. लक्ष्मणानें शूर्पणखेची नासिका येथेंच छेदिली, म्हणून हें नाशिक, असें पंचवटींतील लहान मूलहि सांगतें. वाल्मीकींनीं त्या प्रसंगीं लक्ष्मणाच्या हातीं खड्ग दिलें आहे, आणि तें योग्यच आहे. नाक-कान कापून प्राण तेवढा ठेवावयाचा, हें काम परशूचें नव्हे. गदेचें तर नव्हेच नव्हे. हाच कवि अशोकवनांत हनुमंताला तोरणापाशीं असलेला लोखंडी परिघ उचलावयास लावतो. जें हाताशीं सांपडलें तें त्यानें घेतलें. कवीची शस्त्रें कल्पनेंतलीं खरीं, पण त्यांचे गुणधर्म त्याला ठाऊक होते.

काल्पनिक शस्त्र कसें असावें, हा प्रश्न आतां कवीपुरता राहिलेला नाहीं. चारसहा जणांनीं टेबलाभोवतीं बसावें, प्रत्येकानें एका कल्पित वीराची भूमिका घ्यावी, एकानें सूत्रधार होऊन प्रसंग सांगावा आणि घाव लागला कीं हुकला हें फांशांनीं ठरवावें, असा एक खेळ १९७४ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाला. डंजन्स अँड ड्रॅगन्स हें त्याचें नांव. त्याच्या मूळ नियमांत कट्यार असो कीं मोठी तरवार असो, जखम सहा बाजूंच्या एकाच फांशानें मोजीत. समानता साधली, पण खरेपणा गेला. पुढच्याच वर्षीं ग्रेहॉक नांवाच्या पुरवणीनें निरनिराळ्या शस्त्रांना निरनिराळे फांसे दिले. खरेपणा थोडा आला, आणि त्याच्या मागोमाग दुसरी अडचण आली. ज्याचा आंकडा मोठा, तेंच शस्त्र जो तो मागूं लागतो. बाकीचीं हत्यारें यादींतच गंजतात.

मराठींत धान्य तोलतात आणि तरवारहि तोलतात. या दोन तोलांचा हिशेब एकत्र मांडला, तर ही अडचण पुष्कळशी सुटते.

प्रथम वजनाविषयींचा एक गोड गैरसमज दूर केला पाहिजे. हातांतली सामान्य तरवार मुठीसकट एक ते दीड किलोच्या आसपास असे. मणभर लोखंड लीलया फिरविणारे पूर्वज कीर्तनांत शोभतात. रणांत त्यांचा हात पहिल्या घटकेंतच गळाला असता. शिवाय हाताला जाणवतो तो नुसता भार नव्हे, तो भार कोठें आहे हें जाणवतें. तरवारीचा तोल मुठीच्या पुढें थोड्याच अंतरावर असतो, म्हणून ती वळते, थांबते, परत येते. मराठा तरवारीच्या मुठीचा जो प्रकार मुल्हेरी म्हणून ओळखला जातो, त्याचें नांव नाशिक जिल्ह्यांतल्याच बागलाणच्या मुल्हेरचें. अशा मुठीमागें गज नांवाची दांडी असते. तिनें दुसऱ्या हाताला जागा मिळते आणि पात्याचा भार थोडा मागें ओढला जातो. गदेचें सारें वजन टोकाला. ती बसली तर चिलखताखालचें हाडहि मोडेल. हुकली तर मात्र तिला आवरून पुन्हां उचलीपर्यंत शत्रूचे दोन वार होऊन जातील.

दांडपट्ट्याचें उदाहरण याहून बोलकें आहे. पातें लांब, सरळ, दुधारी आणि लवचिक. मूठ अशी कीं हात कोपराच्या जवळपर्यंत लोखंडांत झांकलेला. मनगट वळत नाहीं, म्हणून घाव खांद्यांतून आणि सबंध अंगाच्या फिरकींतून काढावा लागतो. मोकळ्या वाळवंटांत चारजणांनीं घेरलेल्या वीराला याच्यासारखा सोबती नाहीं. पण तोच वीर सूत्रधारानें पंचवटीच्या सीतागुंफेंत, जेथें वांकूनच शिरावें लागतें तेथें, उतरविला तर? पट्टा भिंतीला अडेल आणि वीतभर बिचवा बाजी मारील. खेळाच्या यादींत पट्ट्यापुढें मोठा आंकडा खुशाल असावा. मात्र जागा किती लागते, हेंहि त्याच ओळींत लिहिलेलें असावें.

जुन्या शास्त्रकारांनीं ही दृष्टि ठेवलीच होती. अग्निपुराणांतील धनुर्वेदांत शस्त्रांचे वर्ग लांबीरुंदीवर केलेले नाहींत, वापरावर केले आहेत: यंत्रानें सुटणारीं, हातानें फेंकावयाचीं, फेंकून पुन्हां हातीं घ्यावयाचीं, हातांतून न सुटणारीं, आणि शेवटीं नुसते बाहु. दोरी मनगटाला बांधून फेंकावयाचा मराठी विटा तिसऱ्या वर्गांत नेमका बसतो. फेंकल्यावर हात रिकामा होतो, ही भाल्याची उणीव त्या दोरीनें भरून काढली. पण दोरी शत्रूच्या हातीं सांपडली कीं वीरहि ओढला जातो.

याच नाशकांत दादासाहेब फाळक्यांनीं १९१७ सालीं ‘लंकादहन’ पडद्यावर आणला. पडद्यावरच्या शस्त्राला वजन असावें लागत नाहीं, तें दिसलें म्हणजे पुरे. बिचाऱ्या नटाला तें दिवसभर पेलावयाचें असतें. खेळांत मात्र शस्त्र दिसतच नाहीं. त्याचा जो भार असेल तो नियमांतच असतो. तेथून तो काढून टाकला, तर भीमाची गदा आणि वेताची छडी यांत फरक उरत नाहीं, आणि भीमाच्या बळालाहि अर्थ उरत नाहीं.

व्यासांनीं हें भान अखेरच्या गदायुद्धांत राखलें आहे. दोघांच्या हातीं शस्त्र एकच. भीमाचें बळ अधिक. दुर्योधनाचा सराव अधिक, कारण भीमाच्या लोखंडी पुतळ्यावर त्यानें तेरा वर्षें गदा चालविली होती. दोन्ही पारडीं इतकीं सारखीं झालीं कीं सरळ युद्धांत भीमाला जय मिळणार नाहीं, असें कृष्णालाहि वाटूं लागलें. नाभीखालीं घाव घालावयाचा नाहीं, हा गदेचा नियम होता. भीमानें मांडीवर प्रहार केला, आणि दोघांनाहि गदा शिकविणारा बलराम आपला नांगर उगारून त्याच्यावर धांवून गेला.