आबांची धोकटी
(स्नेहमेळाव्यात केलेले मनोगत)



संयोजकांनी प्रत्येकाला ‘नोकरीशिवाय काय करता’ यावर थोडं बोलायला सांगितलंय. कुणी बागेचं सांगितलं, कुणी ट्रेकिंगचं. मी जुने वस्तरे गोळा करतो आणि रोज त्यांतल्याच एकानं दाढी करतो. हसलात, बरं झालं. पुण्यात हे सांगितलं की लोक आधी माझ्या गळ्याकडे बघतात.

इथं बसलेल्या बऱ्याच जणांचं जावळ आमच्या आबांनी काढलंय. आबा वैरागात आणि भोवतालच्या वस्त्यांवर बलुत्यावर काम करायचे. काखेत धोकटी मारायची आणि ज्याच्या ओसरीवर बसतील तेच दुकान. सुगीला खळ्यावर जाऊन वर्षाची ज्वारी आणायची. दुष्काळात खळं रिकामं असायचं, पण लोकांच्या दाढ्या काही थांबत नव्हत्या. धोकटीत दोन वस्तरे, कातर, नखं काढायची नराणी, पितळी वाटी, आरसा, धारेचा दगड आणि चामड्याचा पट्टा. एवढ्यावर आठ माणसांचं घर चाललं.

आण्णांनी पुढं खुर्चीचं दुकान टाकलं. मला मात्र वस्तऱ्याला हात लावू दिला नाही. ‘तुझ्या हातात पान्हा बघायचाय,’ म्हणायचे. आयटीआय करून मी पुण्यात टूलरूमला लागलो आणि तिथंच नोकरी संपवली. आबा गेल्यावर वाटणीत धोकटी कुणी मागितली नाही, म्हणून ती माझ्याकडं आली. मी वस्तरा उघडून भिंगाखाली धरला, आणि तिथून हा नाद लागला.

पात्याच्या मुठीकडच्या भागावर ‘शेफील्ड’ आणि खाली ‘इंग्लंड’ अशी छाप आहे. देशाचं नाव का, तर अमेरिकेनं १८९० साली कायदा केला की बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव हवंच. तेव्हापासून शेफील्डवाले आणि जर्मनीतले सोलिंगेनवाले ते ठोकू लागले. त्यामुळं देशाचं नाव असलेला वस्तरा बहुधा त्यानंतरचा समजायचा.

त्याच १८९० साली आपल्याकडं काय झालं, ते आपल्या पाठ्यपुस्तकात नव्हतं. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधक कार्यकर्त्याच्या पुढाकारानं नाभिकांनी विधवांचं केशवपन करायला नकार दिला. हातावर पोट असलेली माणसं, आणि ठरलेलं गिऱ्हाईक सोडलं. विधवांच्या बाजूनं मोठमोठी भाषणं झाली असतील, पण वस्तरा ज्यांच्या हातात होता त्यांनी तो खाली ठेवला. हे वाचलं त्या रात्री मी आबांचा वस्तरा पुन्हा बाहेर काढून बसलो होतो.

आता थोडं टूलरूमचं. (बायांनो, दोन मिनिटं कळ काढा.) वस्तऱ्याची पाठ जाड का असते? दगडावर तो आडवा ठेवला की पाठ आणि धार दोन्ही एकदम टेकतात. म्हणजे धारेचा कोन हातानं धरावा लागत नाही, तो पात्यातच घडवलेला असतो. इतकं हुशार जिग आमच्या टूलरूममध्येसुद्धा फारसं नव्हतं. दगडावर धार पुढं ठेवून चालवायची, चामड्यावर मात्र पाठ पुढं, नाहीतर पट्टा कापला जातो. आणि टोकाला पोचल्यावर पातं उचलायचं नाही, पाठीवरच उलटायचं. आबा हे बोलत बोलत करायचे, पट्ट्याकडं न बघता. मला जमायला सहा महिने लागले.

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी मी ठरलेला असतो. मुंबईला गेलो की चोर बाजार. घेताना आधी धारेवर नख हलकं टेकवून बघतो, बारीक दाते लागले तर परत ठेवतो. वरचा गंज जातो, पण धारेपाशी खड्डे पडले असले तर ते पातं कामातून गेलं. हस्तिदंती मूठ असेल तर हात लावत नाही, त्या व्यापाराला बंदी आहे आणि असावीच. जुन्या सेल्युलॉइडच्या मुठी वेगळ्या ठेवाव्या लागतात. त्या कुजायला लागल्या की त्यांच्या वाफेनं पातं गंजतं, शेजारचंसुद्धा. आपल्या वैरागच्या कोरड्या हवेत पोलाद टिकतं. पुण्याच्या पावसाळ्यात रोज तेलाचा हात द्यावा लागतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. माझा वस्तरा फक्त माझ्याच गालावर चालतो. एड्सची भीती आली तेव्हा आण्णांनी जुने वस्तरे बंद करून गिऱ्हाइकागणिक नवं अर्धं ब्लेड लावायला सुरुवात केली, आणि ते बरोबरच होतं. एकच पातं चार गालांवर फिरलं तर रक्तातला आजारही फिरतो.

मधल्या सुट्टीत काही जण मला धंद्यावरून एका नावानं हाक मारायचे. ते नाव मी इथं घेत नाही. आज सकाळी फाटकातच एकानं तीच हाक दिली. प्रेमानंच दिली, मला कळलं. तरी मी ओ दिली नाही. दुपारच्या जेवणाला आम्ही शेजारी बसलो, त्यानं स्वतःच माझं पूर्ण नाव घेऊन भाकरी पुढं केली. त्याच्याबद्दल माझ्या मनात काही नाही.

संयोजकांचा आग्रह होता की धोकटी काचेच्या पेटीत मांडावी, खाली चिठ्ठी लावावी. मी नको म्हणालो. आज सकाळी दाढी केली ती याच वस्तऱ्यानं. पेटीत ठेवला तर उद्या काय वापरू?

तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर, ट्रंकेत आजोबांचा वस्तरा पडला असेल तर भंगारात घालू नका. मला विकाही नका, घरातच ठेवा. मी उद्या दुपारपर्यंत गावातच आहे, दगड आणि पट्टा सोबत आणलाय. घेऊन या, धार लावून देतो, पैसे नाहीत. फक्त येण्याआधी सँडपेपरनं घासू नका. छाप गेली की त्याचं वय सांगता येत नाही.