मोजपट्टी आणि माणूस



गोदाकाठच्या सायखेड्याला पूर नवा नाही. पाणी ओसरले की पंचनामे होतात. किती घरे पडली, किती पीक गेले, याची नोंद होते. ती आवश्यकच असते. परंतु घर सोडताना एखाद्या आजीने आधी देव्हाराच का उचलला, हे त्या कागदावर उतरत नाही. त्यासाठी तिच्यापाशी बसावे लागते. माणसाचे जगणे त्याच्याच शब्दांतून समजून घेणाऱ्या या अभ्यासाला गुणात्मक संशोधन म्हणतात. मात्र समोर बसणारा कोणती दृष्टी घेऊन बसतो, यावर सारे अवलंबून असते.

इंग्रजी राजवटीची दृष्टी राज्यकर्त्याची होती. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या लांबी-रुंदीवरून जातींची उतरंड वंशभेदाशी जोडली. त्याच पद्धतीच्या मोजमापांचे आकडे पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यतेच्या उगमावरील १९४८ च्या ग्रंथात तपासले आणि ब्राह्मण व अस्पृश्य हे वंशाने भिन्न नाहीत, असा निष्कर्ष काढला. मोजपट्टी घेऊन आलेल्यांना त्यांच्याच मोजपट्टीने दिलेले ते उत्तर होते.

महर्षी कर्व्यांच्या स्नुषा इरावतीबाई उच्च शिक्षणासाठी बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते. पुढे ते नाझी राजवटीचे समर्थक झाले. युरोपीय माणसाच्या कवटीची ठेवण त्याच्या श्रेष्ठ बुद्धीची साक्ष देते, असे त्यांचे गृहीतक होते. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या. कवटीच्या असमानतेचा वंशाशी संबंध आढळत नाही, असे त्यांनी आपल्या प्रबंधात मांडले. परक्या देशात, पदवी ज्याच्या हाती त्याच गुरूच्या मताविरुद्ध त्या विद्यार्थिनीने सत्याची कास धरली.

मायदेशी परतल्यावरही त्यांनी शरीरमापे घेतली. पण त्या तेथेच थांबल्या नाहीत. नात्यागोत्यांचा अभ्यास करीत त्या गावोगाव हिंडल्या. कोयना धरणाने उठलेल्या लोकांची पाहणी त्यांनी जाई निंबकरांसह केली; ती १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. माणूस मोजण्याकडून माणूस ऐकण्याकडे झालेला हा प्रवास आहे.

इंग्रज गेले, म्हणून ती दृष्टी गेली काय? १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या गेल्या. सोलापूरला तारेच्या कुंपणाआड त्यांची वसाहत होती. हजेरी सक्तीची होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. तरीही गावाबाहेर पारध्याचे पाल पडले की चोरीचा पहिला संशय तेथेच जातो. हा शिक्का आता कोणी गोरा अधिकारी मारीत नाही. तो शिकल्यासवरल्या, सुस्थित घरांतून मारला जातो. लक्ष्मण गायकवाड यांनी ‘उचल्या’ लिहिले, तेव्हा ज्याच्याविषयी इतरांनी अहवाल लिहिले तो माणूस स्वतः बोलू लागला. १९८८ मध्ये साहित्य अकादमीने त्या पुस्तकाचा गौरव केला.

परकीयांच्या सिद्धांतांना नावे ठेवणे सोपे आहे. त्यांनी दिलेली लेबले स्वतःच्या बोलण्यातून पुसणे अवघड आहे. सायखेड्यातला एखादा विद्यार्थी उद्या प्रश्नावली घेऊन एखाद्या पालावर जाईल. त्याने आधी जमिनीवर बसावे, नाव विचारावे, ऐकावे, आणि लिहिलेले त्याच माणसाला वाचून दाखवावे. ‘हे असेच आहे ना?’ या प्रश्नाला त्या माणसाने मान डोलावली, तरच तो अभ्यास त्याचा म्हणता येईल.