खेकडा न दिसलेली रात्र



फुटलेल्या ताऱ्याचं काय उरतं, ते मी यंदा जानेवारीत दुर्बिणीतून पाहिलं. वृषभेच्या शिंगाच्या टोकाशी फिकट राखाडी डाग. नाव खेकडा तेजोमेघ. मला काही खेकडा दिसला नाही! १०५४ साली चिनी ज्योतिषांना हा ‘पाहुणा तारा’ २३ दिवस भर दिवसा दिसत होता. १७३१ मध्ये बेव्हिसला त्याचा मेघ सापडला. १७५८ मध्ये मेसिएला तो आधी धूमकेतूच वाटला. पुन्हा फसगत नको म्हणून त्याने फसव्या डागांची यादी केली, त्यात हा पहिला. आम्ही प्रोग्रामर अशा ‘दुर्लक्ष करा’ याद्या रोज करतो. पण हौशी मंडळी आज नेमकी त्याचीच यादी शोधत फिरतात.

मधला उरलेला तारा सेकंदाला सुमारे ३० गिरक्या घेतोय. शाळेच्या गच्चीवरून आता दिव्यांमुळे कठीणच. थंडीत गावाबाहेर जाऊ. बाई, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय ना? मग पहिला नंबर तुमचा.